‘सध्या काय वाचताय?’ : मुंबईत पुस्तकगप्पांचा कट्टा कसा जमवायचा

कुणालाही ‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ असं विचारून पाहा. समोरचा माणूस जरा सावरून बसतो आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या चार-पाच नावांपैकी एक सांगून मोकळा होतो. ते पुस्तक त्याने वीस वर्षांपूर्वी वाचलेलं असतं, कधीकधी वाचलेलंही नसतं. तेच ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं की उत्तर खरं येतं. ‘अहो, एक घेतलंय वाचायला, पण निम्म्यावर अडकलंय.’ ‘काही नाही, लेकीचं गोष्टींचं पुस्तक वाचतेय रात्री.’ गप्पा इथून सुरू होतात.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नावर एक महिनेवारी कट्टा कसा उभा करायचा याबद्दल आहे. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून त्यावर चर्चा करायची, हा प्रकार मुंबईत मराठी पुस्तकांच्या बाबतीत फारसा टिकत नाही, असं माझं मत आहे. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती एका वेळी मिळवायच्या म्हणजे पहिलं संकट. दुकानात दोन असतात, वाचनालयात एक असते, नवी आवृत्ती ‘येतेय’ असते. त्यात विरार-डोंबिवलीहून ये-जा करणाऱ्या माणसाला महिन्यात ठरलेलं पुस्तक संपवणं हा गृहपाठ वाटतो आणि गृहपाठ झाला नाही की तो येतच नाही. प्रत्येकाने आपापलं, जे हातात आहे ते घेऊन यायचं ठरवलं की गैरहजेरीचं कारणच उरत नाही.

आधी माणसं

सुरुवातीला सहा जण पुरेत, दहाच्या वर जाऊ नका. मुंबईतल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये दाटीवाटीने आठ-दहा माणसं बसतात. माणशी चार-पाच मिनिटं बोलणं आणि मध्येमध्ये गप्पा धरल्या तर दीड तास सहज जातो. त्याहून जास्त माणसं झाली की काही जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. त्याला व्याख्यान म्हणतात, आणि ती या शहरात भरपूर होतात.

माणसं शोधायला सोसायटी ही सर्वांत सोपी जागा. पण सोसायटीच्या ग्रुपवर ‘वाचनकट्टा सुरू करत आहोत, इच्छुकांनी संपर्क साधावा’ असा निरोप टाकू नका. पंचवीस अंगठे येतील, माणूस एक येईल. त्यापेक्षा लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, मुलांना क्लासला सोडताना एकेकाला तोंडी विचारा. ज्याच्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक दिसेल त्याला तर सोडूच नका.

दुसरी जागा म्हणजे लोकलचा डबा. रोजच्या ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात जिथे भजनं होतात, डोहाळजेवणं होतात, तिथे पुस्तकंही हातोहात फिरतात. तुमच्या डब्यात तसे दोघं-तिघं असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा. बैठक डब्यात होणार नाही, गर्दीत बोलणंही धड ऐकू येत नाही, पण कट्ट्याला लागणारी नेमाची माणसं तिथे आयती मिळतात.

वयाची सरमिसळ मुद्दाम करा. निवृत्त मंडळींकडे वेळ असतो म्हणून ती पटकन गोळा होतात, आणि मग कट्ट्यावर ‘आमच्या वेळी’ सुरू होतं. कॉलेजातली दोन मुलं, तिशी-चाळिशीतले दोघं-तिघं असले की तोल राहतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं ‘आम्ही मराठी वाचत नाही’ म्हणून मागे सरतात. त्यांच्यासाठी आमचा नियम असा: पुस्तक कोणत्याही भाषेतलं चालेल, बोलायचं मराठीत. अडखळत का होईना, मुलं बोलतात. पुढेमागे एखादं कुणाकडून मराठी पुस्तकही मागून नेतं.

जागा आणि वेळ

घर सगळ्यांत उत्तम. आळीपाळीने एकेकाकडे जमायचं, म्हणजे यजमानाच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून अर्धी बैठक होते. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाका: चहा आणि बिस्किटं, बस्स. पहिल्या घरी साबुदाणावडे झाले की दुसऱ्या घरच्या वहिनींना दहीवडे करावेसे वाटतात, तिसरीकडे पावभाजी होते आणि चौथं घर ‘यावेळी आमच्याकडे नको, पाहुणे आहेत’ म्हणतं. बरेच कट्टे पुस्तकांवरून बंद पडत नाहीत, फराळावरून पडतात.

घर शक्य नसेल तर सोसायटीचा हॉल किंवा गच्ची. सेक्रेटरीला आधी सांगा, लेखी अर्ज मागितला तर द्या, आणि ‘धार्मिक, राजकीय किंवा व्यापारी कार्यक्रम नाही, माईक लावणार नाही’ एवढं एक वाक्य त्यात लिहा. परवानगी बहुधा अडत नाही.

तिसरा पर्याय जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचा. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आणि त्यांचं ग्रंथालय आजही पार्लेकरांचं भेटायचं ठिकाण आहे. दादर पश्चिमेला दादर सार्वजनिक वाचनालय आहे. तुमच्या भागातही एखादं वाचनालय असेल, भले ते पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत असेल. ग्रंथपालांना भेटून महिन्यातून एकदा दीड तास बसू देता का, असं सरळ विचारा. सभासदांची संख्या टिकवायची चिंता त्यांनाही असते. वाचनालयात बसण्याचा एक मोठा फायदा असा की कुणी एखाद्या पुस्तकाबद्दल बोललं आणि ते तिथेच फळीवर असलं, तर बैठक संपायच्या आत कुणाच्या तरी नावावर चढतं.

शिवाजी पार्कचा कट्टा, एखादी बाग, समुद्राकाठचा बाक हेही चालतं, पण डिसेंबर-जानेवारीतच. एरवी घाम आणि जूननंतर पाऊस.

वेळ ठरवताना रविवार सकाळ हमखास सुचवली जाते. मी त्याच्या विरोधात आहे. रविवारी सकाळी अर्धी मुंबई मटणाच्या किंवा मासळीच्या रांगेत असते आणि उरलेली स्वयंपाकघरात. ज्या बायकांना कट्ट्यावर यायचं असतं त्यांनाच नेमकं जमत नाही. दुपारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, पश्चिमेवर त्याचं नाव जम्बोब्लॉक. लांबून येणारा माणूस मध्येच अडकतो. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ बहुतेकांना सोयीची पडते. महिन्याचा दुसरा किंवा तिसरा शनिवार पक्का करा आणि तो बदलू नका. ‘सगळ्यांच्या सोयीने ठरवू’ म्हटलं की ठरत नाही.

प्रत्यक्ष बैठक

नारळ नको, दीपप्रज्वलन नको, प्रमुख पाहुणे तर नकोच. प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शन या दोन गोष्टींनी मराठी माणसाची जितकी संध्याकाळ खाल्ली आहे तितकी कुठल्याच वाईट पुस्तकाने खाल्लेली नसेल. गोल बसा, डावीकडून सुरू करा.

प्रत्येकाने बोलताना चार गोष्टी सांगायच्या. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, सध्या कुठल्या पानावर आहात, एक जागा जी तुम्हाला थांबवून गेली, आणि हे पुस्तक या खोलीतल्या कुणाला द्यावंसं वाटतं. जागा दाखवायची तर दहा-बारा ओळी मोठ्याने वाचायच्या, पान आधीच खूण घालून ठेवायचं. ‘थांबा हं, इथेच कुठेतरी होतं’ यात दोन मिनिटं जातात.

फरक कसा पडतो ते एका उदाहरणाने सांगतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका मुंबईच्या रेल्वेच्या इतिहासावरचं पुस्तक घेऊन आले होते. त्यांनी सुरुवात केली, ‘फार माहितीपूर्ण पुस्तक आहे. लेखकाने खूप अभ्यास केलेला आहे. प्रत्येकाने संग्रही ठेवावं असं आहे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणालाही ते वाचावंसं वाटलं नाही. शेजारच्या मुलीने विचारलं, ‘काका, कुठल्या पानावर आहात?’ काका म्हणाले, ‘चौऱ्याऐंशी. खरं सांगू का, अडकलोय. पुढे नुसते करारमदार आणि पौंडांचे हिशेब आहेत.’ लोक हसले. ‘मग मागचं सांगा ना, कुठे मजा आली?’ आणि काका खुलले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावली होती, एकवीस तोफांची सलामी झाली, चौदा डब्यांत मिळून चारशेएक माणसं होती. मग चष्मा काढून म्हणाले, ‘चारशे! तेवढी तर गर्दीच्या वेळी आपल्या एका डब्यात असतात, आणि सलामी कुणी देत नाही.’ ते पुस्तक त्या दिवशी तिघांनी मागितलं.

म्हणून पान क्रमांकाचा प्रश्न सोडू नका. तो विचारला की ‘मी पूर्ण वाचलंय’ हे दाखवण्याचा ताण जातो. अर्धवट सोडलेलं पुस्तकही आणू द्या, का सोडलं ते सांगू द्या. कुणी सोडलेलं पुस्तक दुसऱ्याला नेमकं त्याच कारणासाठी हवं असतं. ‘फार संथ आहे हो’ म्हटलं की कोपऱ्यातून आवाज येतो, ‘मला द्या, मला संथच लागतं.’

वेळ सांभाळायचं काम एखाद्या शाळकरी मुलाकडे द्या. मोबाइलवर पाच मिनिटांची वेळ लावून तो बसतो आणि घंटा झाली की कुणाची भीड ठेवत नाही. मोठ्यांनी थांबवलं तर रुसवे होतात, मुलाने थांबवलं तर कौतुक होतं.

काही नमुने प्रत्येक कट्ट्यावर येतात, त्यांची तयारी ठेवा. एक असतात सगळी गोष्ट शेवटासकट सांगणारे. त्यांना ‘पन्नासाव्या पानाच्या पुढचं सांगायचं नाही’ असा नियम आधीच दाखवून ठेवायचा. दुसरे असतात कवी. ते पुस्तक घेऊन येतात पण त्यात स्वतःच्या कवितेचा कागद असतो. स्वतःचं लेखन कट्ट्यावर वाचायचं नाही, हे प्रेमाने पण पहिल्याच बैठकीत सांगा. एका कवीला सूट दिली की पुढच्या महिन्यात तीन येतात. तिसरे ‘मी हल्ली फक्त व्हॉट्सअ‍ॅप वाचतो’ म्हणून संकोचणारे. त्यांना विचारा, शेवटचं पूर्ण वाचलेलं काहीही काय होतं? शेअर बाजारावरचं, आहारावरचं, पाककृतींचं, परीक्षेचं, काहीही चालेल. पाककृतींच्या जुन्या पुस्तकावर बोलणाऱ्या एका आजींनी त्यातली मापं वाटी-पळीत आणि शेर-छटाकात कशी दिलीत ते वाचून दाखवलं, तेव्हा ‘छटाक म्हणजे किती?’ यावर खोलीतल्या चार पिढ्या भांडल्या.

न बोलणाऱ्याला बोलायचा आग्रह करू नका. पहिल्या दोन बैठका नुसतं ऐकायची मुभा द्या. पुस्तक मात्र हातात आणायचंच, म्हणजे मुखपृष्ठ बघून कुणीतरी विचारतंच.

महिनाभर गप्पा चालू ठेवायला

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लागतोच. सुप्रभात, सण-शुभेच्छा, वाढदिवस, राजकारण यांना मज्जाव. हे रुक्ष वाटेल, पण नाहीतर पुस्तकाचा निरोप फुलांच्या चित्रांखाली गाडला जातो. ग्रुपवर पुस्तक टाकताना दोन फोटो काढा: एक मुखपृष्ठाचा, दुसरा आतल्या त्या पानाचा जिथे प्रकाशक, आवृत्ती, साल आणि किंमत छापलेली असते. हा दुसरा फोटो लोक विसरतात आणि मग दुकानात ‘ते निळ्या कव्हरचं’ असं सांगत बसावं लागतं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही लिहा. ते मुखपृष्ठावर बारीक असतं, पण एखादा अनुवादक आवडला की त्याची पुढची पुस्तकं शोधता येतात.

खाली दोन-तीन ओळी पुरेत: ‘पान १२० वर आहे. आईमुलीचं भांडण आहे ते प्रकरण जबरदस्त. सुरुवात रेंगाळते. कुणाला हवं?’ ज्यांना टाइप करायचा कंटाळा त्यांनी आवाजी निरोप टाकावा, पण एका मिनिटाचा. महिन्याअखेरीस एकाने सगळी नावं एका यादीत गोळा करून ग्रुपवर टाकावी आणि ती वरती पिन करावी. वर्षभरात ही यादी खरेदीला, भेट द्यायला, वाचनालयात मागायला फार कामी येते.

पुस्तकांच्या पीडीएफ मात्र ग्रुपवर येऊ देऊ नका. ‘फॉरवर्ड आलंय, कुणाला हवं तर घ्या’ म्हणून अख्खी पुस्तकं फिरतात. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. त्याहून जुनं साहित्य खुशाल वाटा. बाकीच्यांसाठी चार ओळी उद्धृत करून त्यावर बोलायला काहीच हरकत नाही, अख्खं पुस्तक स्कॅन करून फिरवायला आहे. मराठीत आवृत्त्या छोट्या निघतात. आपल्या गटातल्या दहा जणांनी फुकट उतरवून घेतलं तर लेखक-प्रकाशकाला ते जाणवतं.

पुस्तक हातोहात फिरवणं

एक दोनशे पानी वही करा. तारीख, पुस्तक, कुणाचं, कुणाकडे गेलं, परत कधी, एवढे रकाने. ‘आपल्यात कसली नोंद’ म्हणणारा माणूसच पुस्तक हरवतो. मुदत दोन बैठकांची ठेवा, आणि परत येताना पुस्तक मालकाकडे येऊन मगच पुढच्याकडे जाईल, असं ठरवा. हातातून हातात परस्पर गेलेल्या पुस्तकाचा माग तिसऱ्या माणसानंतर लागत नाही. लेखकाच्या सहीची प्रत, आजोबांच्या हस्ताक्षरातल्या टिपा असलेली प्रत फिरवू नका. बैठकीत दाखवा आणि घरी न्या.

पावसाळ्यात जास्त जपावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा पुस्तकाच्या मुळावर येते: पानांना लाटा येतात, बांधणी सुटते, बुरशीचे ठिपके पडतात. पुस्तक देताना प्लास्टिकच्या पिशवीत द्या, पण घरी गेल्यावर पिशवीतून काढायला सांगा, कारण आत ओल अडकली तर बुरशी लवकर धरते. कपाटात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे दोन बोटं जागा ठेवा. उघडीप मिळाली की पंख्याखाली उभी करून पानं सुटी करा. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकलं की पानं वाकडी होतात. दर दहा-पंधरा पानांत टीपकागद घालून सावलीत वाळवलं तर बऱ्यापैकी वाचतं.

पुस्तकं मिळवायचे मार्ग अनेक. वाचनालयाचं सभासदत्व सगळ्यांत स्वस्त: थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी. गटातल्या तिघांनी तीन वेगवेगळ्या वाचनालयांचं घेतलं तर सगळ्यांचं भागतं. फक्त पुस्तक ज्याच्या नावावर आहे, उशिराचा दंडही त्याच्याच नावावर, हे लक्षात ठेवा. नवीन घ्यायची तर दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये उभं राहून चाळता येतात. जुनी पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळतात. तिथे इंग्रजी आणि अभ्यासाचीच जास्त, मराठीसाठी चिकाटी लागते. लांबच्या प्रवासात ऐकणाऱ्यांसाठी स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुक्स आहेत. ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणायचं की नाही, हा वाद कट्ट्यावर एकदा होऊ द्या आणि मग सोडून द्या. ज्या आजोबांना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी तो वाद केव्हाच मिटलेला असतो.

आणि पुस्तक भिशी. भिशी कशी चालते हे मुंबईत कुणाला शिकवावं लागत नाही. दहा जणांनी महिन्याला शंभर रुपये काढले की हजार जमतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने त्या हजाराची पुस्तकंच घ्यायची, बिल दाखवायचं आणि पुढच्या बैठकीत ‘हीच का घेतली’ ते सांगायचं. पुस्तकं त्याची, पण वर्षभर गटात फिरणार. ‘का घेतली’ या भागात माणूस जितका उघडा पडतो तितका एरवी पडत नाही. कुणी हजार रुपयांत एकच जाडजूड कोश आणतं, कुणी लहान मुलांची सात पातळ पुस्तकं. भिशीतले पैसे कुणालाही उसने द्यायचे नाहीत आणि पुढच्या महिन्यावर ढकलायचे नाहीत, हा नियम साध्या भिशीइतकाच कडक ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्यात अर्धा गट गावाला असतो, तेव्हा बैठक रद्द करण्यापेक्षा ‘गावी काय सापडलं’ एवढाच विषय ग्रुपवर ठेवा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून निघालेली पुस्तकं त्या वेळी दिसतात. गणपतीच्या महिन्यात सुट्टी घ्या, कुणी येत नाही. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन असतो. त्या सुमारास शाळेतल्या मुलांना बैठकीत बोलवायला निमित्त मिळतं.

दिवाळीनंतरची बैठक मात्र चुकवू नका. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला दिवाळीत फराळाबरोबर अंक लागतो. आता अंक इतके निघतात की एकट्याला घेणं आणि वाचणं दोन्ही अशक्य. कट्ट्यात आधीच वाटणी करा: प्रत्येकाने दोन वेगळे अंक घ्यायचे, एक कथा-कवितांचा, एक वैचारिक किंवा एखाद्या विषयाला वाहिलेला. दहा जणांचे वीस अंक होतात. प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा करायच्या: हे वाचाच, हे नाही वाचलं तरी चालेल. दुसऱ्या वाचकाने वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरायची. मार्चपर्यंत अंक फिरून परत येतात तेव्हा काही अनुक्रमणिकांवर एकाच कथेसमोर लाल पेन्सिलीत ‘वाचाच’ आणि निळ्या पेन्सिलीत ‘अजिबात नको’ लिहिलेलं असतं. त्या दोघांना पुढच्या बैठकीत शेजारी बसवा आणि पाच मिनिटांची घंटा त्या दिवशी बंद ठेवा.